काळजाचा ठोका चुकतो तेव्हा



आषाढी वारीत हडपसरला दोन्ही पालख्यांच्या वाटा वेगळ्या होतात. तुकोबांची पालखी लोणी काळभोरला जाते, माउलींची दिवे घाट चढून सासवडला. घाट चढताना छातीत धडधडणारच. श्रमाला रक्त जास्त लागतं, म्हणून हृदय भराभर चालतं. पण मध्येच ठोका चुकल्यासारखं झालं, छातीत ‘धप्प’ वाजलं, की जीव घाबरतो. मग कितीतरी जणी चालणंच सोडून देतात.

असं का होतं?
हृदयाचा ठोका आतल्या विजेच्या इशाऱ्यावर पडतो. कधी एखादा इशारा भलत्याच जागेवरून, वेळेआधी येतो. त्या ठोक्यात रक्त कमी ढकललं जातं, म्हणून तो नीट जाणवत नाही. मग क्षणभर थांबा, तेवढ्यात हृदयात रक्त जास्त भरतं आणि पुढचा ठोका जोरात बसतो. म्हणजे ठोका चुकलेला नसतो, लवकर आलेला असतो. धडधाकट माणसालाही असं होतं. जागरण, फार चहा, तंबाखू-मिशरी, काळजी, अंगात रक्त कमी असणं, थायरॉइड यांनी ते वाढू शकतं.

एकदा तपासून घ्या
हे साधं आहे की नाही, ते आपण घरी ठरवायचं नाही. डॉक्टर ईसीजी काढतात, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासतात. ईसीजी थोड्या वेळाचाच असतो, तेवढ्यात ठोका सापडला नाही तर 24 तास अंगावर होल्टर यंत्र लावतात. गरज वाटली तर टू-डी इकोही करतात. चालताना असे ठोके वाढत असतील, किंवा घरात कुणी कमी वयात अचानक गेलं असेल, तर ते डॉक्टरांना जरूर सांगा.

डॉक्टर “काळजी नको” म्हणाले, तर चालणं सोडू नका. सुरुवात सावकाश करा, शेवटी वेगही हळूहळू कमी करा. ‘धप्प’ झालं तर दोन मिनिटं दमानं घ्या, बरं वाटलं की पुढे चला.

हे मात्र अंगावर काढू नका
छातीत दुखणं, चक्कर, शुद्ध हरपणं, नेहमीपेक्षा जास्त दम लागणं, धडधड थांबतच नाही असं वाटणं. लगेच थांबा, सोबतच्या बाईला सांगा, 108 ला फोन करा.

पुढच्या बैठकीत बचत जमा झाली, की अंगठ्याखाली मनगटावर बोटं ठेवून प्रत्येकीने पूर्ण एक मिनिट नाडी मोजूया. निवांत बसल्यावर साधारण 60 ते 100 ठोके ठीक असतात. आपला आकडा वहीत लिहून ठेवा.