शिक्षा म्हणजे दंड नव्हे

मराठवाड्यातल्या एका बौद्ध संस्थेच्या माध्यमिक शाळेत मी शिकवितो. आमची सकाळ त्रिशरण-पंचशीलाने सुरू होते. मुलांना वळण कसे लावावे हा प्रश्न शिक्षकांच्या सभेत वारंवार निघतो आणि बहुतेक वेळा छडीपाशी येऊन थांबतो. 'आपली पोरं माराशिवाय ऐकत नाहीत' हे वाक्य आपलेच शिक्षक उच्चारतात. आपल्या बापजाद्यांविषयी हेच वाक्य पूर्वी कोण बोलत होते, हे ते विसरतात.

शिस्त हा शब्द आपण पिढ्यान्‌पिढ्या वरून खाली येतानाच ऐकला. साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांना बसण्यासाठी घरून गोणपाट न्यावे लागे आणि नळ उघडणारा शिपाई नसला तर तहानलेले राहावे लागे. ही त्या शाळेची शिस्तच होती, आणि ती काटेकोर पाळली जात होती. तेव्हा नुसती शिस्त असणे हा गुण नव्हे. ती कोणी, कोणासाठी आणि कशासाठी घातली, हे आधी विचारले पाहिजे.

धम्माचे उत्तर पंचशीलाच्या शब्दांतच आहे. प्रत्येक शीलाला पालीत 'सिक्खापद' म्हणतात. शिक्षापद म्हणजे शिकण्याची पायरी. मराठीत मात्र 'शिक्षा' म्हणजे दंड होऊन बसला आहे. शिवाय प्रत्येक शीलाच्या शेवटी 'समादियामि', म्हणजे मी ग्रहण करतो, असे क्रियापद येते. 'तू हे करू नकोस' अशी आज्ञा तिथे नाही. शील घ्यावयाचे असते, ते कोणी कोणावर लादू शकत नाही.

याचा अर्थ वर्गात उघड आहे. न दिलेले घेऊ नये, यात दहावीच्या परीक्षेतली कॉपी आली. व्यभिचारापासून दूर राहण्यात मुलींची छेड न काढणे आले. खोट्या वाणीबरोबर कठोर वाणीही वर्ज्य आहे, म्हणून जातीवरून दिलेली शिवी आली, आणि 'दगडच आहेस' हे शिक्षकाचे वाक्यही आले. मद्यापासून दूर राहण्याचे शील गुरुजींनीही सकाळी उच्चारलेले असते. आणि हिंसेपासून दूर राहण्याचे पहिले शील उच्चारून ज्याने छडी उचलली, त्याने मुलाआधी स्वतःच शील मोडले.

'मग गुन्हा करणाऱ्याला मोकळे सोडायचे काय?' असा प्रश्न विचारला जाईल. विनयपिटक मोकळे सोडत नाही. पण त्याची रीत पाहण्यासारखी आहे. आरोप ज्याच्यावर आहे त्याच्या समक्षच निर्णय करावा. आरोप करणाऱ्याने योग्य वेळी, खरे, मृदू शब्दांत, हिताचे आणि मैत्रीच्या भावनेने बोलावे. रागाने दुसऱ्या भिक्खूला मारणे हाच तिथे अपराध आहे. नुसता हात उगारणे हाही वेगळा अपराध आहे. भिक्खुसंघाला ठराव, गणपूर्ती, मतमोजणी ठाऊक होती, हे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत सांगितले. त्या संघाचा वारसा सांगणाऱ्या शाळेत मुलाचे म्हणणे न ऐकता निकाल लागावा, हे शोभत नाही.

कायद्याचीही बाजू आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या (२००९) कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली. पण २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना तो कायदा लागू नाही असा निर्णय दिला. ही सवलत आपण छडीसाठी वापरणार असू, तर बौद्ध म्हणून मिळालेला दर्जा बौद्ध मुलांच्याच अंगावर उठेल. तसेच संविधानाच्या कलम २८(३) नुसार अनुदानित शाळेतल्या अल्पवयीन मुलाला पालकांच्या संमतीशिवाय वंदनेस भाग पाडता येत नाही. मातंग, मराठा, मुस्लिम मुले आमच्याकडे आहेत. वंदनेच्या वेळी स्तब्ध उभे राहणारा मुलगा बेशिस्त ठरत नाही.

आम्ही केलेले साधे आहे. उशिरा येणाऱ्यास फाटकाबाहेर उभे करणे बंद केले. आधी कारण विचारतो. आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला गेले की नववीतला मुलगा घरचे पाणी भरून, धाकट्या बहिणीला तिच्या शाळेत पोचवून मग येतो. त्याला शिस्त शिकविण्याची गरज नसते, पहिल्या तासाचा धडा पुन्हा समजावून देण्याची असते. मारामारी झाली तर दोघांना समोरासमोर बसवून वर्गप्रतिनिधींसमक्ष ऐकतो. मोडलेली वस्तू मोडणाऱ्याने दुरुस्त करावयाची, तोडलेले मन जोडावयाचे. वर्षावासाच्या शेवटी भिक्खू परस्परांना आपले दोष दाखवावयास सांगतात, त्याला पवारणा म्हणतात. आश्विन पौर्णिमेच्या सुमारास आमचे शिक्षक मुलांना विचारतात, 'माझ्याकडून कोणाचा अपमान झाला का?' मुले चिठ्ठ्या लिहितात. काही चिठ्ठ्या वाचताना शिक्षकाचा चेहरा उतरतो, पण वर्गातला त्याचा मान त्यामुळे कमी झालेला मी पाहिला नाही.

राहुलाला बुद्धाने खोटे न बोलण्याचा उपदेश केला, तेव्हा आरशाचा दाखला दिला. कृती करण्यापूर्वी, करताना आणि केल्यावर ती पारखून पाहावी, असे सांगितले. भाब्रूच्या शिलालेखात अशोकाने या उपदेशाचा मुद्दाम उल्लेख केला आहे. छडीच्या धाकाने वाकलेला मुलगा गुरुजी नसताना काय करील, हे कोणी सांगू शकत नाही. स्वतःला पारखावयास शिकलेला मुलगा उद्या गावच्या पाटलापुढेही वाकणार नाही. आपल्या शाळांनी कोणता मुलगा घडवावयाचा, याचा निर्णय संस्थाचालकांनी आणि शिक्षकांनी करावयाचा आहे.