कमिशन कोण देतो?

फोनवर एक निरोप येतो. "दादा, ही लिंक उघड. नाव नोंदव. पाचशे रुपये फुकट मिळतील."

निरोप पाठविणारा परका नसतो. तो शाळेतला सोबती असतो, क्रिकेटच्या संघातला गडी असतो. कधी तो मावसभाऊही असतो. म्हणून आपण निरोप उघडतो. ओळखीच्या माणसावर विश्वास ठेवू नये असे कोण म्हणेल?

पण वाचकहो, त्या वेळी मनाला एक प्रश्न विचारावा. मला पाचशे रुपये मिळणार, हे खरे मानू. मग लिंक पाठविणाऱ्याला काय मिळणार? आणि ते कोणाच्या खिशातून येणार? या पाठात आपण एवढेच पाहणार आहोत.

हिशेब मागणारे गाव

जासई हे उरण तालुक्यातले, पनवेलपासून जवळचे गाव. भाताची खाचरे, मिठागरे आणि खाडीची मासळी यांवर हा मुलूख पिढ्यान्पिढ्या जगत आला. १९७० साली सिडको स्थापन झाली. नव्या मुंबईसाठी गावोगावच्या जमिनी घेतल्या जाऊ लागल्या. योग्य मोबदला मिळावा म्हणून शेतकरी उठले. जासईचेच दि. बा. पाटील त्यांचे पुढारी झाले. जानेवारी १९८४ मध्ये आंदोलकांवर गोळीबार झाला. त्यात पाच जण हुतात्मे झाले. त्या लढ्यामुळेच पुढे साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क मिळाला.

ज्यांनी गुंठ्यागुंठ्याचा हिशेब असा मागून घेतला, त्यांना पैशाची किंमत दुसऱ्याने सांगायला नको. पण जमीन डोळ्यांना दिसते, तिचा बांध दिसतो. फोनमधून जाणारा पैसा दिसत नाही. शंभर आज, दोनशे उद्या, असा तो गुपचूप जातो. म्हणून त्याचा हिशेब कागदावर मांडायला हवा.

आधी मटका होता

जुगारात दलाल काही आज आलेला नाही. न्यूयॉर्कच्या बाजारातले कापसाचे भाव पूर्वी तारेने मुंबईला येत. बाजार उघडताना भाव काय आणि बंद होताना काय, यावर लोक पैसे लावीत. १९६१ साली ते भाव येणे बंद झाले. पण पैसे लावायची सवय काही बंद झाली नाही. १९६२ साली कल्याणजी भगत यांनी वरळीचा मटका सुरू केला. १९६४ साली रतन खत्री यांनी दुसरा काढला. पत्ते काढायचे, त्यांची बेरीज करायची, बेरजेचा शेवटचा आकडा तोच 'ओपन' किंवा 'क्लोज'. गिरणी कामगार पगाराच्या पैशातून आकडा लावीत.

मटक्याचा मालक काही प्रत्येक चाळीत जात नसे. नाक्यावर, पानाच्या गादीपाशी आकडा लिहून घेणारा बसे. लोकांनी लावलेल्या पैशावर त्याला कमिशन मिळे.

आता मटक्याचा हिशेब पाहू. आकडे दहा, शून्यापासून नऊपर्यंत. दहा माणसांनी दहा वेगवेगळ्या आकड्यांवर दहा-दहा रुपये लावले. जमा झाले शंभर. एकाचा आकडा लागला. त्याला एकास नऊ या भावाने नव्वद मिळाले. उरले दहा. ते मटकेवाल्याचे. कोणाचाही आकडा लागो, मटकेवाला हरत नाही. आकडा लिहिणाऱ्याचे कमिशनही त्यातूनच निघते.

नाका गेला, फोन आला

आज पानाच्या गादीची गरज राहिली नाही. क्रिकेटवर पैजा, पत्ते, फिरते चाक, सारे फोनवर आले. चालविणारे पुष्कळदा परदेशी बसलेले असतात. त्यांना जासईचा किंवा उलव्याचा पोरगा कसा माहीत असणार? म्हणून त्यांना ओळख असलेला मध्यस्थ लागतो. अशा माणसाला ते 'अफिलिएट' म्हणतात, 'पार्टनर' म्हणतात. आपल्या भाषेत तो दलाल.

दलालाला एक लिंक किंवा एक सांकेतिक शब्द देतात. त्या लिंकवरून जो नाव नोंदवील, तो त्या दलालाच्या खात्यावर मांडला जातो. मग दलालाला पैसे मिळतात. त्याच्या मुख्य रीती तीन.

पहिली रीत: माणशी ठराविक रक्कम. एक माणूस आणला, त्याने पैसे भरले, की इतके रुपये.

दुसरी रीत: हरण्यातला वाटा. त्याने आणलेली माणसे जेवढे हरतील, त्यात शंभरामागे अमुक रुपये दलालाचे. हा वाटा एकदाच मिळून संपत नाही. माणूस खेळत आहे तोवर तो चालू राहतो.

तिसरी रीत: दलालाखाली दलाल. त्याने दुसरे दलाल आणायचे, आणि त्यांच्या कमाईतूनही थोडे घ्यायचे.

दुसरी रीत नीट ध्यानात घ्या. भाजीच्या बाजारात अडत्याही कमिशन घेतो. पण आपल्या मालाला भाव जास्त आला तर त्याचेही कमिशन वाढते. त्याचा फायदा आपल्या फायद्याला बांधलेला असतो. येथे उलटे आहे. तुम्ही हरलात तर दलालाचे भागते. तुम्ही जिंकलात तर त्याच्या पदरी काही नाही. असा माणूस तुम्हाला 'आता पुरे' असे कधी सांगेल का?

वीस माणसांचा हिशेब

फिरत्या चाकाचे उदाहरण घेऊ. चाकाला ० ते ३६ असे ३७ खण असतात. एका रुपयावर बरोबर आकडा आला तर ३६ रुपये हाती येतात. साऱ्या ३७ खणांवर एकेक रुपया ठेवला तर ३७ जातात आणि ३६ येतात. म्हणजे शंभर रुपयांमागे सुमारे २ रुपये ७० पैसे मालकाचे. वाटते, एवढेच ना? पण चाक एकदाच फिरत नाही.

एका माणसाने महिन्यात शंभर-शंभर रुपये दोनशे वेळा लावले. एकूण लावले २०,००० रुपये. तेच ते पैसे फिरत राहतात, म्हणून एवढा आकडा होतो. शंभरामागे २ रुपये ७० पैसे धरले तर सरासरी ५४० रुपये गेले. एखादा जिंकेल, एखादा हजारो हरेल. ही सरासरी आहे.

दलालाने अशी वीस माणसे जोडली आहेत. वीस वेळा ५४० म्हणजे १०,८०० रुपये. दलालाचा वाटा समजा शंभराला ३० आहे. त्याला मिळाले ३,२४० रुपये. उरलेले ७,५६० रुपये गावाबाहेर गेले, परत न येण्यासाठी.

आता पाहा. दलाल पोरगा म्हणतो, "मी महिन्याला तीन हजार कमावतो." ते खरे आहे. पण त्यासाठी वीस घरांतून जवळजवळ अकरा हजार गेले, ते तो सांगत नाही. कदाचित त्याने ते मोजलेलेही नसतात. कुंपणानेच शेत खाल्ले तर राखण कोणी करायची?

दलालाच्या युक्त्या

युक्त्या माहीत असल्या म्हणजे त्या ओळखता येतात.

*फुकटचे पैसे.* पाचशे रुपये बक्षीस मिळतात, पण काढता येत नाहीत. बारीक अक्षरांत अट असते. समजा अट आहे, वीस पट रक्कम खेळल्याशिवाय पैसे काढायचे नाहीत. वीस वेळा पाचशे म्हणजे दहा हजार रुपयांच्या पैजा. तेवढे होईपर्यंत फुकटचे पाचशे पुष्कळदा जातात, कधी पदरचेही जातात.

*खात्रीचा अंदाज.* "आमचा अंदाज चुकत नाही," असे सांगणारे गट फोनवर असतात. एक हिशेब करा. आठशे माणसांना निरोप पाठवायचा. चारशेंना सांगायचे, अमुक संघ जिंकणार. उरलेल्या चारशेंना सांगायचे, दुसरा जिंकणार. सामना संपला. ज्यांना बरोबर उत्तर गेले त्या चारशेंनाच पुढला निरोप, पुन्हा अर्धे-अर्धे. मग दोनशे उरतात, मग शंभर, मग पन्नास. चार सामने झाले. या पन्नास जणांना चारही वेळा खरे उत्तर मिळाले आहे. त्यांना वाटते, हा तर भविष्य जाणतो! त्याला काहीच ठाऊक नव्हते. त्याने फक्त भागाकार केला.

*जिंकल्याचे चित्र.* खात्यात पन्नास हजार जमा झाल्याचे चित्र पाठवितात. ते खोटे तयार करता येते. खरे असले तरी हरलेल्याचे चित्र कोणी पाठवीत नाही.

*नाव बदलून जाहिरात.* जुगाराच्या कंपन्या बातम्यांच्या किंवा खेळाच्या नावाने जाहिराती करू लागल्या. ऑनलाइन पैजांच्या जाहिराती देऊ नका, असे केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये वृत्तपत्रांना व दूरचित्रवाणीला कळविले होते. उघडी जाहिरात अवघड झाली, म्हणून खाजगी गट आणि ओळखीची माणसे यांच्यावर जोर आला. 'आयडी देतो' म्हणणारा माणूस हाच.

'महादेव बुक' या धंद्याचे उदाहरण गाजले. त्याचे मुख्य ठाणे संयुक्त अरब अमिरातीत आहे आणि ओळखीच्या माणसांना त्याच्या शाखा ७० व ३० अशा नफ्याच्या वाटणीवर दिल्या जातात, असे अंमलबजावणी संचालनालयाने २०२३ साली सांगितले. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने त्यासह २२ अ‍ॅप व संकेतस्थळे बंद करण्याचा हुकूम काढला.

काका आणि पुतण्या

समजा, घरात असे बोलणे झाले.

"काका, काम बसल्या जागेचं आहे. फक्त लिंक पाठवायची. मी कुठं खेळतोय?"

"तू खेळत नाहीस, हे बरं आहे. पण तुला पैसे कधी मिळतात?"

"माणूस खेळला की."

"खेळला की, का हरला की?"

पुतण्या जरा थांबला. "हरला की."

"मग तू लिंक कोणाला पाठवलीस? शेजारच्या वहिनीच्या मुलाला ना? त्याच्या बहिणीचं लग्न ठरलंय. तू कोणाच्या हरण्याची वाट पाहतोयस, ते तूच बघ."

"आणि ते माझं बँकेचं खातंही मागतायत. महिन्याला भाडं देतो म्हणतात."

"खातं भाड्यानं द्यायला ती काय खोली आहे? त्यात दुसऱ्याचा पैसा फिरला, की पोलीस पहिल्यांदा तुझ्या दारात येतील. परदेशात बसलेल्याचं नावसुद्धा तुला ठाऊक नाही. तुझं नाव मात्र पासबुकावर छापलेलं आहे."

काकांनी बरोबर सांगितले. दलाल हा सर्वांत जवळचा आणि सर्वांत लवकर सापडणारा माणूस असतो.

कायदा काय सांगतो

आपल्याकडे जुगारविरोधी कायदा १८८७ पासून आहे. पण तो जुगाराच्या अड्ड्यांचा विचार करून केलेला. फोनचा विचार त्या काळी कोण करणार? म्हणून संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये नवा कायदा केला. जिंकण्याच्या आशेने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ त्याने मना केले. खेळ नशिबाचा असो की कौशल्याचा, फरक नाही. असा खेळ चालविणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात सांगितली आहे. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नुसते खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही. म्हणजे 'मी फक्त लिंक पाठवली' असे म्हणणाऱ्याने आधी विचार करावा.

आपण काय करावे

लिंक आली तर पाठविणाऱ्यालाच विचारावे, "तुला यात काय मिळतं?" खरा मित्र असेल तर तो खरे सांगेल, आणि सांगता सांगता स्वतःही विचारात पडेल.

बँकेचे खाते, कार्ड, सिमकार्ड कोणाला वापरायला देऊ नये. फोनवर आलेला गुप्त आकडा कोणाला सांगू नये.

पैसे फसवून नेले तर लाजून घरी बसू नये. ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. जितकी लवकर तक्रार, तितका पैसा अडविण्याचा संभव जास्त.

घरातले कोणी खेळात अडकले असेल तर त्याला चारचौघांत बोल लावू नये. तो कर्ज लपवील आणि आणखी खोल जाईल. त्याच्याशी शांतपणे बोलावे. कर्ज किती, ते सारे एका कागदावर लिहून काढावे. मन फार खचले असेल तर १४४१६ या 'टेली-मानस'च्या क्रमांकावर फोन करावा. तेथे समजून घेणारी माणसे असतात. फोनला पैसे पडत नाहीत.

आणि ज्याला दलाल होण्याचे आमंत्रण आले आहे, त्याने आपल्या फोनमधली नावे एकदा वाचून पाहावी. त्यातल्या कोणाकोणाच्या घरचे पैसे गेले तर आपल्याला चालेल, तेवढ्या नावांवर खूण करावी. एकाही नावावर खूण करता आली नाही, तर उत्तर मिळाले असे समजावे.

हिशेब करा

१. एका दलालाने ३५ माणसे जोडली. प्रत्येक जण महिन्याला सरासरी ४०० रुपये हरतो. गावातून महिन्याला किती रुपये गेले? दलालाचा वाटा शंभराला २५ असेल तर त्याला किती मिळाले? बाहेर किती गेले?

२. तेवढ्या पैशांत तुमच्या गावात काय काय झाले असते, ते चारचौघांत बसून ठरवा.