सिबिल स्कोअर: आकडा त्यांचा, पण माहिती तपासायचा हक्क तुमचा!



समजा, हिवरा आश्रमात तुम्हाला पिठाची गिरणी टाकायची आहे. जागा आहे, गिऱ्हाईक आहे. फाईल घेऊन मेहकरला बँकेत जाता आणि उत्तर मिळतं, "तुमचं सिबिल बसत नाही." बस्स, विषय संपला? नाही. खरा विषय इथूनच सुरू होतो.

हा आकडा येतो कुठून?

बँका आणि फायनान्स कंपन्या तुमच्या कर्जाची माहिती क्रेडिट ब्युरोला पाठवतात. रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेले असे चार ब्युरो आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. त्यांचा संगणक हप्ते वेळेवर गेले का, कर्ज किती जुनं, नवीन कर्जासाठी किती ठिकाणी अर्ज केले, हे बघून ३०० ते ९०० मधला आकडा काढतो. तुमच्या बचत खात्यात किती पैसे आहेत, हे त्यात धरत नाहीत.

नेमकं सूत्र ब्युरो उघड करत नाहीत. पण सूत्रात जो कच्चा माल जातो, तो रिपोर्ट बघायचा हक्क तुम्हाला आहे. आणि चूक बहुतेक वेळा त्या मालातच सापडते: फेडलेलं कर्ज चालू दिसतं, नावसाधर्म्यामुळे दुसऱ्याचं कर्ज तुमच्या नावावर चढतं. तुम्ही ज्याला जामीन राहिलात, त्याचं कर्जही तिथे दिसतं. ती चूक नाही, पण त्याने हप्ते थकवले तर चटका तुम्हाला बसतो.

आता करायचं काय?

१. प्रत्येक ब्युरोकडून वर्षातून एकदा स्कोअरसह पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. अर्ज करायच्या आधीच काढा. स्वतः बघितल्याने स्कोअर कमी होत नाही.

२. अर्ज नाकारला तर मुख्य कारण लेखी मागा. २००५ च्या क्रेडिट माहिती कंपन्यांच्या कायद्यानुसार बँकेने पाहिलेल्या रिपोर्टची प्रतही मागता येते.

३. चूक दिसली तर ब्युरोकडे ऑनलाइन तक्रार करा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. रिझर्व्ह बँकेने हा नियम २०२३ मध्ये काढला.

४. तरीही दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेचे लोकपाल आहेत. सप्टेंबर २०२२ पासून ब्युरोही त्यांच्या कक्षेत आले. तक्रारीला फी नाही, वकील लागत नाही.

पहिलंच कर्ज असेल तर?

रिझर्व्ह बँकेने कर्जासाठी किमान स्कोअर ठरवलेला नाही. आधी कर्ज घेतलं नाही, एवढ्याच कारणावरून पहिल्या अर्जदाराला नाकारू नये, असं तिने बँकांना सांगितलंय. अर्थात कर्ज द्यायचं की नाही, हे शेवटी बँकच ठरवते. म्हणून धंद्याचा हिशोब, कोटेशन आणि खात्यावरचे व्यवहार पक्के ठेवा.

मशीनचं कोटेशन आणायला जायच्या आधी रिपोर्ट काढा. दुरुस्तीला महिना जातो, आणि तो महिना तुमच्याकडे आधीच असला पाहिजे.