जंगलातला पेला कशाची खूण?

समजा, तुम्ही एका जंगलातून चालला आहात. बरोबर कोणी आहे का? असेल तर कोण? थोडं पुढे गेल्यावर एक प्राणी दिसतो. कोणता? तुम्ही काय करता? आणखी पुढे पायवाटेवर एक पेला पडलेला आहे. कशाचा आहे? उचलता की नाही? मग पाणी लागतं, ते ओलांडायचं आहे. शेवटी एक घर दिसतं. त्याला कुंपण आहे का?

हा खेळ तुमच्यापैकी पुष्कळांनी खेळलेला असणार. सहलीच्या बसमध्ये, होस्टेलवर, हल्ली तर कंपन्यांच्या शिबिरांतही तो चालतो. उत्तरं देऊन झाली की खेळ घेणारा अर्थ सांगू लागतो. बरोबरचं माणूस म्हणजे तुमच्या सर्वांत जवळची व्यक्ती. प्राणी जेवढा मोठा, तेवढ्या तुमच्या अडचणी मोठ्या. पेला म्हणजे प्रेम. पाण्यात किती भिजलात, त्यावरून म्हणे तुमची कामवासना कळते. आणि कुंपण असलेलं घर म्हणजे बंद मन. मंडळी हसतात, कोणी लाजतं, आणि एकजण तरी म्हणतोच, ‘‘अगदी बरोबर! कसं काय कळलं बुवा?’’

या ‘कसं काय कळलं’चा छडा १९४८ मध्ये अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी लावला. त्यांनी आपल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि आठवड्याभरानं प्रत्येकाच्या हाती त्याचं म्हणून एक वर्णन दिलं. ते किती जुळतं याला पाचपैकी गुण द्या, असं सांगितलं. सरासरी आली ४.२६! मग उलगडा झाला की सगळ्यांना एकच मजकूर दिला होता, आणि त्यातला बराचसा फुटपाथवरच्या ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतलेला होता. ‘तुम्ही वरून खंबीर दिसता, पण आतून कधीकधी धास्तावता’ या धर्तीचं वाक्य कोणाला लागू पडणार नाही?

म्हणजे हे सगळं थोतांड का? नाही, इतक्या झटकन मी तसं म्हणणार नाही. अर्धवट चित्र समोर ठेवलं की माणूस ते आपल्या मनातल्या गोष्टींनी भरतो, ही कल्पना गंभीर आहे. हर्मान रोरशाक यांनी शाईच्या डागांची चाचणी १९२१ मध्ये मांडली. १९३५ मध्ये हार्वर्डमध्ये ख्रिस्तियाना मॉर्गन आणि हेन्री मरे यांनी चित्रांवरून गोष्ट सांगायला लावणारी चाचणी पुढे आणली. तिची भारतीय आवृत्ती पुढे उमा चौधरी यांनी तयार केली. परक्या मुलखातली चित्रं आपल्याकडच्या माणसाला तशीच दाखवून चालत नाही, एवढं त्या काळातही उमगलेलं होतं.

कल्पनेतल्या प्रवासाचा उपचारासाठी पद्धतशीर वापर केला तो जर्मनीतले डॉ. हान्सकार्ल लॉयनर यांनी, १९५०च्या दशकात. रुग्णाला शांत पडायला सांगायचं आणि एक कुरण, ओढा, डोंगर, घर, जंगलाची कड अशी दृश्यं डोळ्यांपुढे आणायला सांगायची. इथे एक फरक ध्यानात घ्या. ओढा म्हणजे अमुक, असा तक्ता वाचून निकाल लावायचा नसतो. रुग्ण दिसेल ते सांगत राहतो, अनेक बैठकी होतात, दृश्यं बदलत जातात. अर्थ त्या बोलण्यातून हळूहळू हाती लागतो.

खेळात नेमकं हेच गळून पडलं, आणि तक्ता तेवढा राहिला.

त्या तक्त्यानं काय होतं ते सांगतो. मध्यंतरी एक तरुण मुलगी माझ्याकडे समुपदेशनासाठी आली. तिच्या ऑफिसच्या शिबिरात हा खेळ झाला होता. तिनं लिहिलं होतं, पेला उचलणार नाही, लांबून जाईन. प्रशिक्षकानं तिचा कागद सर्वांसमोर वाचला आणि सांगून टाकलं, ‘‘हिला प्रेमाची भीती वाटते, ही कोणावर विश्वास टाकू शकत नाही.’’ झालं! सहकारी त्यावरून चिडवायला लागले. त्याच सुमारास घरात तिच्या लग्नाची बोलणी चालली होती, आणि आपण संसाराला लायक आहोत का, या विचारानं तिची झोप उडाली होती. मुलाकडच्यांना होकार कळवायचा ती टाळत होती.

मी तिला एवढंच विचारलं, ‘‘का गं नाही उचललास?’’ ती म्हणाली, ‘‘सर, आजीनं लहानपणापासून सांगितलंय, वाटेत पडलेलं काही उचलायचं नाही. कोणाचा उतारा असला तर?’’

उताऱ्यावर विश्वास ठेवावा असं मी म्हणत नाही. पण त्या पेल्यात प्रेम नव्हतं, आजी होती. हा प्रश्न शिबिरात कोणीही विचारला नव्हता. पाण्याचंही तसंच. कोकणातल्या माणसाला वाटेत ओहोळ दिसणं आणि २०१६ साली ज्या लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथल्या माणसाला ते दिसणं, या दोन्हींना एकच अर्थ कसा लावायचा?

यावर कोणी म्हणेल, प्रशिक्षक नवशिका असेल, जाणकार असा फसणार नाही. तेही खरं नाही. १९६७ मध्ये लोरेन आणि जीन चॅपमन यांनी विद्यार्थ्यांना माणसाची चित्रं दाखवली आणि प्रत्येक चित्राखाली ते काढणाऱ्याची म्हणून लक्षणं लिहिली. त्या जोड्यांमध्ये कसलाही संबंध राहणार नाही, अशी काळजी घेतलेली होती. तरी विद्यार्थ्यांना दिसलं की संशयी माणूस डोळे ठळक काढतो. गंमत म्हणजे अनुभवी तज्ज्ञही आपापल्या रुग्णांविषयी नेमकं हेच सांगत असत. डोळे आणि संशय यांची जोडी आपल्या डोक्यात आधीपासून असते, मग ती सगळीकडे दिसते.

तेव्हा मित्रमंडळींत हा खेळ जरूर खेळा. फक्त तक्ता बाजूला ठेवा आणि ‘असं का?’ विचारून गप्प बसा. माणसं एरवी बोलत नाहीत ते बोलतात. पण कोणी नोकरीसाठी, बढतीसाठी किंवा स्थळ पाहताना यावरून तुमची पारख करू लागलं, तर उत्तर द्यायला नकार द्या, किंवा निदान माझा कागद चारचौघांत वाचायचा नाही, एवढं बजावून सांगा.

ज्येष्ठ नागरिकांच्या एका मंडळात मी हा खेळ घेतला होता. सगळ्यांची घरं मोकळी, कौलारू, दारं सताड उघडी. एका आजोबांनी मात्र घराला काटेरी तारेचं दुहेरी कुंपण घातलं. का, असं विचारल्यावर माझ्याकडे कीव आल्यासारखं बघून म्हणाले, ‘‘अहो, जंगलातलं घर ना? मग रानडुकरं काय ठेवतात होय परसात?’’