कापडाचा तंटा आणि कापसाचें मरण

परदेशी मालावर जकात बसली कीं आपला देशी व्यापारी संतोष पावतो. परंतु जकातीचा वार नेमका कोणावर पडतो, याचा विचार मात्र क्वचितच होतो. हिंदुस्थान-जपान व्यापाराचा १९३१ ते १९४१ चा इतिहास या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे.

डिसेंबर १९३१ मध्यें जपाननें सुवर्णचलन सोडलें. येनचा भाव उतरला व जपानी कापड आमच्या बाजारांत फार स्वस्त झालें. मुंबईच्या गिरण्यांनीं ओरड केली, व ती अवास्तव नव्हती. सरकारनें ब्रिटिशेतर कापडावरील जकात ऑगस्ट १९३२ मध्यें शेंकडा ५० व जून १९३३ मध्यें शेंकडा ७५ केली. १९०४ चा व्यापारी करारही रद्द करण्याची नोटीस दिली. यावर जपानी सूतगिरणीवाल्यांनीं हिंदी कापसावरच बहिष्कार घातला!

जकात कापडावर बसली, घाव कापसावर पडला. आंखूड धाग्याचा आमचा कापूस जपान मोठ्या प्रमाणावर घेत असे. लँकेशायरला तो तितकासा मानवत नसे. संरक्षण गिरणीस मिळालें, आणि जामीन राहिला वऱ्हाड-खानदेशचा शेतकरी.

पुढें सिमला व दिल्ली येथें वाटाघाटी होऊन जानेवारी १९३४ मध्यें तडजोड ठरली. जकात शेंकडा ५० वर आली. जपाननें वर्षास १० लक्ष गांठी कापूस घेतल्यास त्यास ३२ कोटि ५० लक्ष वार कापड पाठवितां येईल, १५ लक्ष गांठी घेतल्यास ४० कोटि वार, असें ठरलें. कापूस व कापड एकाच तराजूंत घातले गेले, हें योग्यच झालें. परंतु गांठींची संख्या बांधली गेली, भाव बांधला गेला नाहीं. १९३७ मध्यें करार पुन्हां झाला. जुलै १९४१ मध्यें जपानी मालमत्ता गोठविली गेली आणि हें मोठें गिऱ्हाईक तुटलें.

यांतून घेण्याचा धडा एकच. उभय देशांमध्यें २०११ पासून नवा आर्थिक करार अमलांत आहे, व इतर देशांशींही करार होतच आहेत. प्रत्येक करारापूर्वीं दुसऱ्या पक्षानें उलट वार केल्यास तो कोणावर पडेल, हें सरकारनें उघडपणें सांगावें, आणि ज्याच्यावर तो पडेल त्यास आधीं विचारावें. व्यापारी बंधूंनीं ही मागणी स्वतःची समजून करावी. कारण शेतकऱ्याच्या हातीं पैसा नसेल, तर दिवाळीस दुकानांत चोपडीपूजन होईल, पण गिऱ्हाईक येणार नाहीं.