लग्नाची डीव्हीडी आणि फुकटातलं सॉफ्टवेअर

पुसद असो, वणी असो की दारव्हा, आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत लग्नाची किंवा आजीच्या आवाजाची एखादी डीव्हीडी कपाटात जपून ठेवलेली असते. आपला उन्हाळा चाळिशी सहज ओलांडतो. टिनाच्या छपराखाली ठेवलेल्या, घरी किंवा स्टुडिओत राइट केलेल्या डिस्कमधला रंगद्रव्याचा थर उष्णतेनं आणि उन्हानं हळूहळू बिघडतो. म्हणून ती चालते आहे तोवरच दुसरी प्रत करायला हवी.

त्यासाठी विकतचं सॉफ्टवेअर लागतं का? मुळीच नाही. २००१ साली विंडोज एक्सपी आली, तेव्हापासून सीडी राइट करण्याची सोय विंडोजमध्येच आहे. नुसते फोटो उतरवायचे तर एवढ्यानं भागतं. पण जुनी डिस्क जशीच्या तशी उतरवायची असेल, तर आधी तिची एक फाइल करावी लागते, तिला आयएसओ म्हणतात. हे काम विंडोजवर आयएमजीबर्न करतं, तर लिनक्सवर ब्रासेरो किंवा के-थ्री-बी.

निवडताना दोन गोष्टी बघा. वेग कमी-जास्त करता येतो का? आणि राइट झाल्यावर मूळ प्रतीशी ताडून बघण्याची, म्हणजे व्हेरिफायची, सोय आहे का? वरच्या तिघांतही ती आहे.

फुकट म्हणजे बिनधोक नव्हे, हेही ध्यानात ठेवा. काही फुकट प्रोग्रामसोबत नको असलेली सॉफ्टवेअरं गुपचूप आत शिरतात. तेव्हा इन्स्टॉल करताना प्रत्येक पान वाचा आणि नको त्या चौकटीतली खूण काढून टाका.

डीव्हीडीवर ४.७ जीबी लिहिलेलं असतं, पण संगणक सुमारे ४.३८ दाखवतो. यात फसवणूक नाही. कंपनी हजारानं मोजते, संगणक १०२४ नं, इतकंच. फाइली निवडताना मात्र दुसरा आकडा धरा.

आणि वीज! एकदाच राइट होणारी डिस्क मध्येच लाइट गेली की वाया जाते. म्हणून लॅपटॉप किंवा यूपीएस वापरा आणि वेग मध्यम ठेवा.

शेवटी, ती आयएसओ फाइल पुसू नका. एक प्रत पेनड्राइव्हवर, एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे ठेवा. डिस्क दुकानात पुन्हा मिळेल, आजीचा आवाज मिळणार नाही.