घास अडतो तेव्हा

भाकरीचा कोरडा घास छातीशी अडतो, मनुष्य त्यावर दोन घोट पाणी घेतो आणि गोष्ट विसरून जातो. पुढे तो भाकरी सोडून भातावर येतो, भातावरून पेजेवर. भिलाईच्या सिविक सेंटरमध्ये सायंकाळी जमणाऱ्या मंडळींत काय किंवा मुंबईच्या परळ भागात काय, अन्ननलिकेच्या कर्करोगाची कथा बहुधा अशीच सुरू होते. निदान झाल्यावर घरची माणसे प्रथम विचारतात, "गाठ केवढी आहे?" प्रश्न स्वाभाविक आहे, परंतु त्याचे उत्तर नुसत्या सेंटिमीटरांत देता येत नाही.

अन्ननलिका ही सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची लवचिक नळी आहे. तिचा मार्ग बराच अरुंद होईपर्यंत ती ताणली जाऊन घास पुढे ढकलते. म्हणूनच त्रास उशिरा जाणवतो. जठराला बाहेरून जे पातळ आवरण असते, ते हिला छातीत नसते. शिवाय तिच्या आतल्या थरांतच लसिकावाहिन्यांचे जाळे उभे पसरलेले असते. त्यामुळे लहानशी गाठही दूरच्या लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचू शकते.

पूर्वीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात गाठीची ५ सेंटिमीटर लांबी ही सीमारेषा मानली जाई. १९८७ मध्ये लांबीची जागा खोलीने घेतली. भिंतीवरील ओलीचा डाग केवढा, यापेक्षा ओल विटेत किती मुरली, हे महत्त्वाचे. तसेच हे आहे. तथापि लांबी निरर्थक ठरली नाही. लांब गाठ बहुधा खोलही असते आणि शस्त्रक्रियेनंतर अशा रोग्यांचे आयुष्य सरासरीने कमी भरते. मात्र ही सरासरी झाली. ती एकट्या रोग्याचे भविष्य नव्हे.

१९१३ मध्ये न्यूयॉर्कला फ्रान्झ टोरेक यांनी एका वृद्ध स्त्रीच्या छातीतील रोगग्रस्त अन्ननलिका काढली व रबरी नळीने अन्न जठरात जाण्याची सोय केली. ती बाई त्यानंतर बरीच वर्षे जगली. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९४१ पासून कर्करोगावर उपचार होत आहेत, तेथील डॉ. बोर्जेस, डॉ. प्रफुल्ल देसाई प्रभृतींनी भारतातील या रोगाचा अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे २०१२ मध्ये नेदरलँड्समधील प्रयोगाने दाखविले की, शस्त्रक्रियेपूर्वी औषधे व किरणोपचार दिल्यास मध्यम आयुर्मान २४ महिन्यांवरून ४९ महिन्यांवर जाते. रोग अगदी आतल्या थरातच असेल, तर पुष्कळदा छाती न उघडता दुर्बिणीतूनही तो काढता येतो.

तंबाखू, सुपारी, मद्य आणि फार कढत पेये या रोगाला वाट करून देतात. ती वर्ज्य करणे हिताचे आहेच. परंतु घास अडू लागला की पेजेवर दिवस न काढता दुर्बिणीची तपासणी करून घेणे, हे त्याहून निकडीचे. गाठीचे माप डॉक्टर घेतील. ती खोल रुजण्यापूर्वी त्यांच्यापर्यंत पोहोचणे मात्र रोग्याच्याच हाती आहे.